ताटाची डावी बाजू

आमच्या घरी मधुमेह मला आणि सणाचा स्वयंपाकही माझ्याकडेच. म्हणजे सारणात गूळ किती घालायचा हे ठरवणारी मी, आणि त्यातलं किती खायचं हे जिला ठरवावं लागतं तीही मीच. न्यायाधीश आणि आरोपी एकच असला की निकाल कसा लागायचा, ते सांगायला नको. दिवाळी डोंबिवलीत, गणपती गुहागरकडच्या आमच्या गावी, मधूनमधून मुंजी-लग्नं. निवांतपणे पथ्य पाळता येईल असा महिना वर्षात सापडतच नाही. तेव्हा पथ्य सणातच बसवावं लागलं. गोळ्या-इंजेक्शनांचं तुमचे डॉक्टर सांगतील. मी सांगतेय ते पंगतीत बसून आणि पंगतीला वाढून कळलेलं.

१. चव बघणं हेही खाणंच असतं. सारण कढईच्या कडा सोडायला लागलं की चमचाभर. चक्क्यात साखर विरघळली का ते बघायला बोटभर. शंकरपाळ्यांच्या पहिल्या घाण्यातली एक, खुसखुशीत झाली का म्हणून, आणि दुसऱ्या घाण्यातली एक, पहिलीशी ताडून बघायला. पानं मांडायच्या आधीच घरच्या बाईचं अर्धं जेवण झालेलं असतं आणि ते कुणाच्याच हिशेबात नसतं. शेवटी मी हे काम मुलीकडे सोपवलं. वाटलं होतं, आता सारणाचं काही खरं नाही. त्या वर्षी मोदक खाऊन धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, यंदा हात बसला बरं का तुमचा!" इतकी वर्षं मोदक वळणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं. मुलगी तोंडातल्या तोंडात हसत होती.

२. आपल्याला मनापासून आवडणारे गोड पदार्थ फार थोडे असतात. 'गोड बंद' हे शब्द ऐकले तेव्हा मी सरसकट सगळ्यांसाठी गळा काढला होता. मग एकेक नाव घेऊन बघितलं. बुंदीचा लाडू? समोर आला म्हणून खाल्ला. डब्यातलं श्रीखंड? पाडव्याला असतं म्हणून. सोनपापडी तर कुणालाच नको असते. ती दिवाळीभर या घरातून त्या घरात फिरत राहते. गळत गळत यादीत उरलं काय, तर उकडीचा मोदक, होळीची पुरणपोळी आणि कोजागरीच्या दुधावरची साय.

मोदकाचं मात्र बोलायलाच हवं. आंबेमोहोराची पिठी, तिची उकड तेला-पाण्याचा हात लावून चटका बसत असतानाच मळायची. पारी मध्ये जराशी जाड, कडेला पातळ. कळ्या एकमेकींना टेकवत वर नेऊन नाक काढायचं. चाळणीत हळदीचं पान. झाकण उघडलं की आधी त्या पानाचा वास येतो, ओल्या खोबऱ्याचा मागून. मोदकाचं नाक मोडायचं, त्या भोकात तूप सोडायचं आणि बोटांना चटके घेत खायचा. असा एक खाते मी, फार तर आणखी अर्धा. पूर्वी आमच्याकडे पैजा लागायच्या, अकरा-अकरा मोदक उडवले जायचे. त्यातला अकरावा कसा लागला होता, हे आता एकालाही सांगता येत नाही. जे सोडलं त्याचं दुःख होईल म्हणून मी वाट बघत होते. झालं नाही.

३. गुळाला मधुमेहात माफी आहे, असं अर्ध्या महाराष्ट्राचं ठाम मत आहे. "सेंद्रिय कोल्हापुरी आहे, खा बिनधास्त." गूळ उसाचाच आणि त्यात मुख्यतः साखरच, थोडं लोह नि इतर खनिजं जास्त असली म्हणून रक्तातली साखर चढायची थांबत नाही. खजुराच्या वड्या आणि मधातले लाडू यांचंही तेच. 'शुगर फ्री' मिठाईत वरून घातलेली साखर नसेल, पण मैदा, खवा असतातच की. खोटं गोड पोटभर खाण्यापेक्षा खरं गोड घासभर बरं, असं माझं झालंय.

४. तिखट-मिठाचे पदार्थ निरपराध नसतात. "तुला चकली चालेल ना? गोड नाही ती." चालेल, एखादी. भाजणीत सगळ्यात जास्त तांदूळच असतो, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग त्याच्या मागून. चिवडा पोह्यांचा, म्हणजे पुन्हा तांदूळ. पण या सगळ्यांवर ताण साबुदाण्याची. टॅपिओकाच्या कंदाचा हा स्टार्च, तमिळनाडूत सेलमच्या आसपास त्याचे कारखाने आहेत. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंच्याऐंशी ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात, प्रथिनं नावापुरती. म्हणून तर त्याला दाण्याचं कूट मुठीमुठीने लागतं. होळीच्या पुरणपोळीने माझी साखर जितकी चढत नाही तितकी आषाढी एकादशीच्या खिचडीने चढते, हे यंत्राने दाखवलं तेव्हा माझा विश्वास बसेना. पुरणपोळीत निदान डाळ तरी आहे. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांना पोटाचं कळत होतं तेवढं रक्ताचंही कळत असावं.

५. ताट डावीकडून जेवायला घेतलं की बरंच काही सुधारतं. आपल्या पानाची रचना ठरलेली: वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाज्या, आमटी; मध्ये भाताची मूद. रीत अशी की सुरुवात वरणभाताने करायची आणि डावी बाजू मधूनमधून तोंडी लावायची. मी उलट करते. आधी कोशिंबीर संपवते, मग उसळ, पालेभाजी, मग थोडा वरणभात आणि गोड शेवटी. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून येणाऱ्या भाताची साखर सावकाश चढते. अभ्यासांमध्येही हे दिसून आलंय. खाणं तेच, क्रम फक्त वेगळा.

अडचण एकच. पंगतीत कोशिंबीर वाढतात नखाएवढी. जिलबी मागा, तीन जण ताटं घेऊन धावत येतात. कोशिंबीर दुसऱ्यांदा मागा, वाढणारा पोरगा आधी तुमच्याकडे बघतो, मग आत जाऊन कुणालातरी विचारून येतो. आमच्या घरी मी आता कोशिंबिरीला वाटी दिली आहे. डाव्या बाजूला वाटी ठेवणं शास्त्रात बसत नाही, असं एका आत्याबाईंनी सुनावलं. बसत नसेल.

६. सणांना गोड नसलेलंही इतकं काही केलं जातं आणि आपण ते सणाचं म्हणून मोजतच नाही. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, परसात हाताने लावलेलं तेवढंच चालतं. मग अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे असं सगळं एका पातेल्यात. मसाला नाही, फोडणी नाही. हिरवी मिरची, थोडी चिंच, वरून ओलं खोबरं. मका नि सुरण मी बेताने घेते, बाकी भाजी दोनदा. आदल्या दिवशी मोदक म्हणजे उत्सव आणि ही भाजी म्हणजे उपकार, असा लहानपणी आमचा भाव होता. आता गावी जायची ओढ निम्मी या भाजीसाठी असते.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी तशीच. पावटे, ओले हरभरे, गाजर, वांगी, घेवडा, तिळाचं कूट, सोबत तीळ थापलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात. कोकणात कित्येक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण नाहीतर मासे. पाडव्याला तर दिवसाची सुरुवातच कडुलिंबाच्या पाल्याने. एवढं सगळं असताना सणाच्या शुभेच्छांच्या चित्रात मात्र लाडू नि मोदक. भरिताला कुणी दिव्यांच्या माळेत बसवत नाही. बसवायला हवं.

७. तूप आणि तळण साखरेला उशिरा आणतात, येऊच देत नाहीत असं नाही. पुरणपोळीनंतर दोन तासांनी मोजलं तर आकडा अगदी शहाण्यासारखा. मी खूश. रात्री झोपण्याआधी सहज मोजलं तर तो वर जाऊन बसलेला. स्निग्ध पदार्थ पोटातून पुढे सरकायला वेळ घेतात, त्यामुळे चढही लांबतो. तेव्हा दुपारच्या एका आकड्यावर स्वतःला शाबासकी द्यायची नाही.

सणाची दुपार असते वामकुक्षीची. मी तेव्हा वाडीतले गणपती बघायला निघते, पायी. जेवणानंतर स्नायू वापरले की रक्तातली साखर तिकडे खर्च होते. आपली शतपावली हेच सांगत होती. पण दर घरी प्रसाद! शिरा, पेढा, करंजी, कुठे पंचखाद्य. प्रसादाला नाही म्हणवत नाही, म्हणून चिमूटभर तोंडात टाकते आणि बाकीचा पिशवीतल्या डबीत. घरी परतते तेव्हा चालून घाम आलेला असतो, डबी भरलेली असते आणि तिची वाट बघत भाचरं दारात उभी असतात.

आणि मोजण्याआधी हात धुवावेत, साबणाने. मोदक वळून उठल्या उठल्या मी एकदा बोट टोचलं, आकडा तीनशेच्या घरात. घरात धावपळ. मुलगी म्हणाली, "आई, आधी हात धू." धुतले, दुसरं बोट टोचलं, दीडशेच्या आसपास. पहिल्यांदा मी माझ्या रक्तातली नव्हे, बोटावरच्या गुळाची साखर मोजली होती.

८. बारीक माणसाच्या मधुमेहावर कुणी विश्वास ठेवत नाही. "एवढीशी तर आहेस, तुला कुठला डायबेटिस? घे अजून एक." या वाक्याने माझ्या ताटात जितके लाडू पडले तितके आग्रहाने पडले नसतील. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता, लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. म्हणजे उंचीच्या मानाने वजन सारखंच. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२. वरून सडसडीत आणि आतून चरबीदार, हा आपल्याकडचा नेहमीचा बांधा, आणि मधुमेहाला तो सोयीचा पडतो. मी तो फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय. वाद वाढला की दाखवते. त्यानंतर लाडू येत नाही, पण पुढचा अर्धा तास सगळे आपापल्या पोटांबद्दल बोलतात.

९. आग्रह करणाऱ्यापेक्षा पहारा करणारा जास्त जेवण नासवतो. आग्रहाला युक्त्या आहेत. पान रिकामं दिसलं की वाढपी थांबत नाही, म्हणून मोदकाचा अर्धा तुकडा शेवटपर्यंत पानात ठेवायचा. "एकच घेते, पण तूप वाढ," म्हणायचं. तूप वाढून घेतलं की वाढणाऱ्या बाईचं समाधान होतं. पदार्थाची तारीफ खाण्याआधी करायची, कारण खाल्ल्यावर केली की ती दुसरा वाढायची परवानगी समजली जाते.

पहाऱ्याला युक्ती नाही. पंगतीच्या त्या टोकाकडून आवाज येतो, "अगं, हिला वाढू नका, हिला शुगर आहे!" तीस माना वळतात. तो एक मोदक, ज्याच्यासाठी मी सकाळची पोळी सोडलेली असते, तो मग चोरीचा माल असल्यासारखा घशाखाली जातो. प्रेमापोटीच बोलतात, हे कळतं. तरी राग येतो.

गोव्यात मात्र एक गंमत बघितली. फोंड्याला चुलत बहिणीकडे चवथीला गेले होते. ताटात खतखतं, नेवऱ्या, पातोळ्या. आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. जेवणाआधी दोघा-तिघांनी शांतपणे पोटावर इन्शुलिनची सुई टोचली, एकाने पातोळी अर्धी मोडून शेजारच्याला दिली आणि गप्पा चालू राहिल्या. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यातच आढळलं, प्रौढांमध्ये २६.४ टक्के, देशाचं ११.४. आकडा काळजीचा खराच. पण त्या पंगतीत मी पहिल्यांदा इतर कुणासारखीच जेवले.

१०. सणाचा दिवस सोसतो, सणाचा डबा सोसत नाही. दिवाळी पाच दिवसांची, पण फराळाचे डबे तुळशीच्या लग्नापर्यंत फळीवर असतात. चहाबरोबर एक शंकरपाळी, येता-जाता मूठभर चिवडा, 'संपवून टाकू या' म्हणून उरलेला अनारसा. या खाण्याला ना रांगोळी, ना पाट. त्यामुळे ते खाल्ल्यासारखं वाटतच नाही. आकड्यात मात्र तेच येतं. एचबीएवनसी ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. डिसेंबरच्या सुरुवातीला ती केली तर नवरात्र, कोजागरी, दिवाळी आणि सगळे डबे एका आकड्यात बसून येतात. आदल्या दिवशी कडक पथ्य पाळून त्याला फसवता येत नाही. आता मी फराळ निम्म्या मापाने करते आणि भाऊबीज झाली की उरलेला वाटून टाकते. घरचे कुरकुरतात.

१४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन, इन्शुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. २०२३ साली नेमका त्याच दिवशी दिवाळीचा पाडवा होता. सकाळी फोनवर पथ्याचे संदेश येत होते आणि स्वयंपाकघरात बासुंदी आटत होती. मी संदेश वाचत बासुंदी ढवळली. वाटीभर नाही, पण दोन चमचे खाल्लीही.

११. गोडापेक्षा उशीर भारी पडतो. हे मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं. चतुर्थीला आमच्याकडे जेवण बाराचं ठरतं. पण गुरुजींच्या हातात आधीची चार घरं असतात. ते आले की प्राणप्रतिष्ठा, पूजा, मग आरत्या. पुण्याच्या भाच्याला एखादी वेगळी आरती आठवते, ती संपते तोवर मुंबईच्या दिरांना त्याहून लांबलचक. मंत्रपुष्पांजली होऊन, नैवेद्य दाखवून पानं मांडेपर्यंत अडीच. मी सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली. पोटात अन्न आहे की नाही हे ती गोळी विचारत नाही, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते.

एका वर्षी उभ्याउभ्याच हात थरथरायला लागले. झांजांचा ताल सुटला. कपाळावर गार घाम. जाऊबाईंनी "पळी कुठेय?" एवढंच विचारलं, तर मी त्यांच्यावर खेकसले. साखर सत्तरच्या खाली गेली की असं होतं, चिडचिडसुद्धा त्यातलीच. नणंदेने धावत येऊन पेढा पुढे केला. पण पेढ्यातल्या खव्यामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. अशा वेळी साधं साखरपाणी चांगलं. तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. मधुमेही बाईला भर सणात साखर पाजतायत, हे बघून लहान मुलांना फार मजा वाटली.

डॉक्टरांनी मग सणावारी गोळीची वेळ कशी बदलायची ते ठरवून दिलं. अकराच्या सुमाराला मूठभर उसळ खायलाही सांगितलं. नैवेद्याआधी खायचं म्हणजे सासूबाई काय म्हणतील, याचीच मला धास्ती. त्यांनीच दुसऱ्या वर्षी वाटी आणून हातात दिली. "औषध आहे ते. देवाला कळतं," म्हणाल्या. घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी मात्र "एवढा वेळ थांबलीस, आता दहा मिनिटं काय!" असं मला दरवर्षी ऐकवलेलं होतं.

तेव्हा, तुमच्याकडे सणाला मधुमेही पाहुणा येणार असेल तर गोड काय करायचं ते खुशाल तुमच्या आवडीने ठरवा. किती वाढायचं ते त्याचं त्यालाच विचारा, हळू आवाजात. पण पानं वेळेवर मांडा, आणि उशीर होणार असेल तर तसं आधी कळवा.